निऱ्यांच्या पोटात

आमच्या सईच्या कॉलेजात 'पारंपरिक वेषाचा दिवस' ठरला आणि घरात लगीनघाई सुरू झाली. दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली, चकलीची भाजणी दळून आणायची राहिलेली, आणि ही आमची नात हातातली पिशवी झटकत माझ्यासमोर उभी! "आजी, बघ, नऊवारी आणली!"

मी चष्मा लावून पाहिलं. पिशवीतून निघाली ती साडी नव्हती, विजार होती. निऱ्या शिवलेल्या, काष्टा शिवलेला, कमरेला नाडी आणि खांद्यावर टाकायला पदराची एक लांब पट्टी.

"दोन मिनिटांत घालून होते," सई म्हणाली.

घालून! नेसून नव्हे, घालून!

आता या पानावर माझी तुमची दर आठवड्याला गाठ पडते, तेव्हा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द मी शक्यतो तोंडातून काढत नाही. मी स्वतः जन्मभर पाचवारी नेसून डोंबिवलीहून मुंबईची लोकल गाठली. नऊवारी नेसले असेन ती लग्नात आणि नंतर एखाद्या मंगळागौरीला. तेव्हा शिवलेल्या नऊवारीला नाक मुरडायचा मला मुळीच अधिकार नाही. पण ती विजार पाहून मला राहवेना. "थांब," म्हटलं, "खरं लुगडं काढते. निदान एकदा नेसून तर बघ!" आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

ट्रंकेत आईचं इरकली लुगडं आहे. काळंभोर अंग, तांबडा रेशमी काठ आणि पदरावर पांढरे तांबडे पट्टे. आई गेल्यावर वहिनीनं ते मला दिलं. तेव्हापासून वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा पाला बदलायचा आणि परत ठेवायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध. सईनं ते हातात घेतलं आणि उलटसुलट केलं. "केवढं मोठं आहे गं हे! याचे दोन ड्रेस आणि वर एक जाकीट सहज होईल."

पोटात धस्स झालं, पण बोलले नाही. आजकाल इरकलीचे कुडते होतात, खणाच्या पर्शी होतात, पैठणीच्या काठाचे कानांतले डूलसुद्धा होतात. कापडाला मागणी राहिली तर विणकराच्या चुलीवर भांडं चढतं, हेही खरंच.

नऊ वार म्हणजे 27 फूट. आताच्या भाषेत सव्वाआठ मीटर. एवढ्या लांबीला कुठे कात्री नाही, बटण नाही, नाडी नाही. म्हणून आपण बेधडक म्हणतो की लुगडं हे न शिवलेलं वस्त्र, त्यात करायचं काय असतं! मीही असंच समजत होते. पण इरकलीचा पदर एकदा उलटा करून बघा. अंग सुती आणि पदर रेशमी! उभे धागे सबंध लुगडंभर एकच जायला हवेत, मग ते मध्येच सुताचे रेशीम कसे होतात? पदर जिथे सुरू होतो तिथे आडवी ओळ दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की पदर वेगळा विणून इथे शिवला. सईलाही तेच वाटलं.

शिवलेला नाही. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावी, ज्यावरून आपण इरकल म्हणतो तिथे, ही युक्ती मागावरच करतात. 'टोपी तेनी' म्हणतात तिला. अंगाच्या ताण्याचे सुती धागे जिथे संपतात तिथे त्यांचे फासे ठेवायचे आणि पदराच्या रेशमी धाग्यांचे फासे त्यांत एकेक करून अडकवायचे. एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंतवावीत तसे. मग त्यावरून बाणा चालवला की सांधा बसला. म्हणून विणकर ताणा लावतो तोच एका लुगड्यापुरता. ताण्याची पूर्वतयारी बहुतेक घरच्या बायकांच्या हातची. सुई कुठेही लागत नाही, आणि पदर ओढून फाटला तरी सहसा तिथे फाटत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर रेशीम महाग म्हणून! खांद्यावरून दिसतो तो पदर रेशमाचा, काठ रेशमाचा आणि बाकी अंग सुताचं, जे घाम शोषेल, धुण्याला टिकेल आणि खिशालाही परवडेल. गुळेदगुड्डचा खण असतो ना, त्यातही तीच अक्कल. उभं रेशीम आणि आडवं सूत. वरून चमक रेशमाची, पोटात सूत. आपल्याच बायका तेवढ्या काटकसरी असंही समजू नका. सोळाव्या शतकात इंग्लंडातल्या सरदारांच्या बायकांचे झगे पुढून उघडे असायचे आणि त्या फटीतून आतल्या घागऱ्याचा पुढचा भाग दिसायचा. तेवढाच भाग भरजरी! वरच्या झग्याखाली झाकला जाणारा मागचा घेर साध्या कापडाचा. पुढे 1856 च्या सुमारास तर पोलादी कड्यांचा पिंजराच झग्याखाली आला. आकार पिंजऱ्याचा, कौतुक झग्याचं. आपल्याकडे पिंजरा नव्हता, पण झाकायचं आणि दाखवायचं शास्त्र होतंच.

आईच्या चोळ्याही त्याच ट्रंकेत होत्या. दोन उरल्या आहेत. पुढे गाठ मारायच्या, खणाच्या. सईनं एक उलटी केली आणि तिला हसू फुटलं. "आजी, ही तर आतून सगळी ठिगळांची आहे!" ठिगळं नव्हेत ती. खण नासू नये म्हणून सगळे तुकडे चौकोनी आणि तिकोनी बेतलेले. बेतून खाली उरतं ते चिमूटभर. काठ नेमका बाहीच्या तोंडाशी आणलेला. आणि खाकेत एक लहानसा चौकोन आहे, तो कोपऱ्यावर उभा करून बसवलेला. म्हणजे हात वर केला की ओढ येते ती कापडाच्या उरेबेवर. उरेब कापड ताणतं, शिवण उसवत नाही. विहिरीचं पाणी शेंदणारी, पाटावरवंटा करणारी बाई घट्ट चोळीत हात कसे उचलत होती, त्याचं उत्तर त्या दीड इंची चौकोनात आहे. पॅरिसच्या माडलेन व्हियोने या बाईंनी 1920 च्या सुमारास उरेब कापडाचे झगे बेतले आणि जगभर त्यांचं नाव झालं. आमच्या आईचं नाव चाळीतल्या चार घरांत होतं, तेही चोळीसाठी नव्हे, अनारशांसाठी!

आत छातीला अस्तर होतं मऊ पांढरं, बाबांच्या जुन्या धोतराचं. ते मी सईला सांगितलं नाही. पुरुषांना आपलं धोतर कुठे कुठे कामाला येतं याची कल्पना नसते ती बरी.

असो. लुगडं नेसवायला घेतलं. मला वाटलं होतं विसरले असेन, पण हात विसरत नाहीत. आतलं टोक कमरेभोवती घेऊन पुढे गाठ मारली, पदर मोजून खांद्यावर टाकला आणि मधल्या झोळाच्या निऱ्या घालायला सुरुवात केली. चार निऱ्या झाल्या असतील नसतील, बोटाला आडवी रेघ लागली. हाताला ती कळली. डोळ्यांना दिसली नाही. चष्मा पुसून पाहिलं. दांड होता.

हल्लीच्या मुलींना हा शब्द सांगावा लागतो. लुगडं मध्येच विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगली टोकं एकमेकांना जोडायची, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे चांगले अर्धे एकत्र करायचे. त्या शिवणीला दांड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, कापडावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हाच्या टंचाईत दांड नसलेलं लुगडं घरात वापरणारी बाई विरळा, असं आमची आजी सांगायची. आमच्या घरी दांडाचं लुगडं रोज चाले, पण सणाला आणि हळदीकुंकवाला नाही. बायकांची नजर तुम्हाला ठाऊक आहे. मांडीवरची शिवण त्या दारातूनच पाहतात आणि वाण घेताना "बरं आहे ना सगळं?" असं विचारतात.

पण हे तर आईचं सणाचं लुगडं! मी थोडं पुढे चाचपलं. आणखी एक दांड!

सईला म्हटलं, "सोड. सगळं सोड." आम्ही दोघींनी ते लुगडं दिवाणखान्यात पसरलं आणि टेपानं मोजलं. पदराच्या टोकापासून पहिल्या दांडापर्यंत चार वार. तिथून दुसऱ्या दांडापर्यंत तीन वारांना चार बोटं कमी. उरलेले दोन वार आतल्या टोकाचे. मधले तीन वार उजेडात धरले तर काळा रंग किंचित विटलेला आणि पोत विरळ. ते दुसऱ्याच लुगड्याचे होते. काठ त्याच जातीचा, म्हणून इतकी वर्षं ऊन दाखवतानाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शिवण मात्र बघण्यासारखी. दोन्ही कडा एकमेकींत मोडून आधी बारीक धावदोरा, मग एकदा सुलट्या बाजूनं आणि एकदा उलट्या बाजूनं तुरपलेलं. अंगाच्या सुतात काळा दोरा, काठाच्या रेशमात तांबडा रेशमी. तो बाजारचा नव्हे. पदराच्या दशांतून ओढून घेतलेला. एका बाजूच्या दशा थोड्या आखूड आहेत त्या का, हे तेव्हा कळलं.

सईनं चांगला प्रश्न विचारला. "दोन शिवणी कशाला? आतल्या टोकाचेच तीन वार कापून तिथे हा तुकडा लावला असता तर एकाच शिवणीत काम झालं असतं." मी तिला पुन्हा उभं केलं आणि नेसवून दाखवलं. आतलं टोक कमरेवरून डाव्या पायावर उतरतं. तिथे परका तुकडा उघड्यावर आला असता. पदराकडचा भाग तर सगळा दिसण्यातलाच. न दिसणारी जागा एकच, निऱ्यांची. ते तीन वार बरोब्बर निऱ्यांत गेले, दोन्ही दांड पहिल्या आणि शेवटच्या निरीच्या पोटात बसले, आणि वरून ओचा खोचला तेव्हा लुगडं नवंकोरं दिसायला लागलं. आईनं कात्री लावण्याआधी नेसून खुणा केल्या असणार. टाचणीनं किंवा खडूनं, कुणास ठाऊक.

मग प्रश्न राहिला तो चांगल्या तीन वारांचा. सणाचं लुगडं मधून विरत नाही. मग ते गेले कुठे?

त्याचं उत्तर पलंगावरच होतं, पण ते सापडायला मला संध्याकाळ लागली. लुगड्याच्या खालच्या काठात एक खोट आहे. तांबड्यात पिवळ्या धाग्यांच्या बारीक रेघा जातात, त्यांतली एक रेघ ताणा लावतानाच चुकलेली. दोन धाग्यांच्या जागी एकच. ताण्यातली चूक ही अशी की ती एका जागी राहत नाही, टोकापासून टोकापर्यंत चालत जाते. पदराकडून ती रेघ पहिल्या दांडापर्यंत येते, मधल्या तुकड्यात काठ बिनचूक आहे, आणि दुसऱ्या दांडानंतर ती एकेरी रेघ पुन्हा सुरू. मी बोट फिरवत बसले होते आणि मला वाटत होतं की ही रेघ आपण कुठेतरी पाहिली आहे. रोज पाहतो आहोत!

आमच्या पलंगावर आईच्या हातची गोधडी आहे. तिच्या एका कोपऱ्यात माझ्या लहानपणच्या परकराचा घेर आहे. काळा आणि तांबड्या काठाचा. दिवा जवळ घेऊन पाहिलं. पिवळी रेघ एकेरी.

1957 ची दिवाळी. मी नऊ वर्षांची, आम्ही सांगलीला. त्या पावसाळ्यात बाबा विषमज्वरानं तीन महिने अंथरुणावर होते आणि पगार अर्धा येत होता. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की वाड्यातल्या सगळ्या मुलींना नवे परकर आले आणि मला नाही. मी रुसले. दोन दिवस नीट जेवले नाही, आणि वर आईला काय बोलले ते अजून आठवतं, इथे लिहीत नाही. वसुबारसेच्या सकाळी आईनं कागदात गुंडाळलेलं पुडकं हातात दिलं. "बेळगावहून मामानं पाठवलंय तुला." काळा परकर, खाली चार बोटं तांबडा काठ, आणि त्याच कापडाचं पोलकं, त्याच्या बाह्यांनाही काठ! मी वाडाभर नाचले.

आता हिशेब करते तर सगळं जुळतं. लुगड्याचा पन्हा 48 इंच. खालच्या काठाकडून 28 इंच परकराची उंची, तीन वारांचा घेर. उरली 20 इंचांची पट्टी आणि तिचा वरचा काठ, त्यात पोलकं. चिंधीसुद्धा वाया गेली नसेल. त्या दिवसांत एकदा रात्री मला जाग आली होती. आई दिव्याखाली बसून काळ्या कापडावर काही शिवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दांड घालतेय लुगड्याला. झोप तू." खोटं बोलली नाही. कुठल्या लुगड्याला ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

त्या पाडव्याला आई ते लुगडं नेसली होती. बाबा पहिल्यांदाच उठून पाटावर बसले होते, तिनं ओवाळलं. भाऊबीजेला मामा आला नाही, त्याला रजा नव्हती. मी त्याला कार्ड लिहिलं, 'मामा, तुझा परकर फार आवडला.' आठ दिवसांनी उत्तर आलं. मामानं लिहिलं होतं, 'आवडला ना? उंची बरोबर झाली ना? पुढच्या वर्षी हिरवा पाठवीन.' आणि पुढच्या वर्षी खरोखरच हिरवा आला, बेळगावच्या दुकानाच्या पुडक्यात. मामाला आईनं आधी लिहून कळवलं होतं, की माझं कार्ड वाचूनच तो उमजला, हे विचारायला आता दोघंही नाहीत. मामाच्या शेवटच्या आजारात मी त्याच्या उशाशी चार दिवस होते. त्या परकराची आठवण मीच काढली होती. "लहानपणी तूच माझी हौस पुरवलीस" असंही म्हणाले. तो नुसता हसला होता.

सई हे सगळं ऐकत जमिनीवर बसली होती. थोड्या वेळानं तिनं लुगड्याची घडी घालायला घेतली. ड्रेसचं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. घडी घालता घालता तिला दुसऱ्या दांडाशी बोटभर उसवलेलं दिसलं; आमच्याच ओढाताणीत उसवलं असणार.

मी सुई काढली, पण माझ्याच्यानं हल्ली सुईत दोरा ओवत नाही. सईनं पदराची एक दशी हलकेच ओढली, थुंकी लावून ओवली आणि मी सांगेन तसे टाके घातले. अकरा टाके. आईच्या चार टाक्यांच्या जागेत तिचा एक. वाकडे आणि ठळक आलेत.

"दिसतायत गं आजी. उसवून पुन्हा घालू का?"

म्हटलं, राहू दे. निऱ्यांत जातील.